गुरुवारी आवरलेलं टेबल

बायकोचा हेवा वाटतो असं सांगणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. शेजाऱ्याच्या गाडीचा वाटतो, भावाच्या प्लॉटचा वाटतो, आणि लोक ते बोलूनही दाखवतात. बायकोचा वाटला, तर माणूस त्याला दुसरं काहीतरी नाव देतो. मी त्याला शिस्त म्हणत होतो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग येतात, ते तपासायचे, चांगले पुढं पाठवायचे, वाईटावर लाल रंगाचा फटका मारून बाजूला टाकायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. राहायला निगडीला, प्राधिकरणात. आम्ही दोघंही मूळचे लातूरकडचे. मुलगी हिंजवडीपलीकडं माणला आयटीत नोकरी करते आणि तिकडंच मैत्रिणींबरोबर राहते. निगडीहून रोज जायचं म्हणजे निम्मा जन्म ट्रॅफिकमध्ये, असं तिचं म्हणणं.

ती गेली आणि घर मोठं झालं. बायको दिवसभर एकटी. हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीमागं चित्र काढायची तिची सवय जुनीच. लाइट बिल, कॅलेंडरचं पान, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. बारावीनंतर तिला चित्रकलेलाच जायचं होतं. हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तेव्हा मी "पुढं बघू" म्हटलं होतं आणि मग पुढं कधी बघितलं नाही.

त्या दिवाळीत मुलगी आली आणि तिनंच विषय काढला. पुण्यात एका कलामहाविद्यालयात वयाची अट नसलेला कोर्स आहे. पोर्टफोलिओ दाखवायचा, मुलाखत द्यायची.

"अगं, पोरांच्यात जाऊन बसू का मी आता?" बायको म्हणाली.

"पोरांची आई म्हणून नको बसू. मागच्या बाकावर बस, कॉपी कर," मुलगी म्हणाली.

दोघी हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, होईल चार दिवस.

कासारवाडीला स्टेशनजवळ एक निवृत्त चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी शिकवतात. मुलीनं त्यांच्याकडं नाव घातलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, की फळं आणि फुलदाणी सगळेच आणतात, ते परीक्षकांना पाठ झालेलं असतं. घरात रोज हाताळता आणि कधीच बघत नाही त्या वस्तू मांडा. वस्तुचित्रावरच सगळा पोर्टफोलिओ उभा करा. त्याच त्या वस्तू, पण दरवेळी नवा प्रश्न घेऊन.

मग दुधाचं पातेलं, लसणाचे गड्डे, खलबत्ता. आधी पेन्सिलीनं. मग कोळशानं. मग नुसत्या सावल्या. एकदा तर पातेलं काढलंच नाही, पातेल्याभोवतीची मोकळी जागा तेवढी काळी केली, आणि पातेलं आपोआप कागदावर उरलं. मी संध्याकाळी बूट काढत होतो. ती कागद धरून समोर.

"बघा, हवा काढलीय मी आज."

"हवेचे मार्क देतात का?" मी विचारलं.

पण मी कागद हातात घेतला. पातेल्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ डावीकडं किंचित उतरलेलं होतं. मी बोट ठेवलं.

"अगंबाई, खरंच की! तुमची नजर म्हणजे काय हो!"

ते दिवस माझे फार चांगले गेले. हे लिहिताना कळतंय, की किती चांगले गेले. कंपनीची बस तळवड्याला अडकली की माझा जीव खालीवर व्हायचा, कारण घरी कुणीतरी कागद धरून थांबलेलं असायचं. "बघा बरं, कुठं चुकलंय?" मी सांगायचो. हँडल जाड झालंय, सावली वस्तूला चिकटलेली नाही, हे टेबल घसरतंय. ती खोडायची, पुन्हा काढायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कामातलं काही तिच्या उपयोगी पडतंय, असं तोवर कधी झालं नव्हतं.

एका रविवारी संध्याकाळी मी कामावरून आलो, तर कासारवाडीहून आणलेली फाइल सरळ कपाटावर ठेवलेली.

"दाखव की."

"नको. सर म्हणाले, कुणाकडून तपासून घेऊ नका. चूक आपली आपल्याला दिसेपर्यंत थांबा."

"कुणाकडून म्हणजे? मी कुणी आहे का?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

तिनं फाइल कपाटावर आणखी आत सरकवली. नंतर म्हणाली, "तुम्हाला चुकलेलं तेवढंच दिसतं. मला बाकीचं पण बघायचंय."

मी कमी बोलणारा माणूस आहे. टीव्ही लावला.

त्या दिवसापासून मी तिच्याकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. सुट्टीच्या दिवशी ती टेबलापाशी बसली, की मी पेपर तोंडासमोर धरून तिला न्याहाळायचो. ती पातेल्याकडं बघत असायची. तोंड किंचित उघडं, मान तिरकी. कपाळावर एक आठी नाही. अर्ध्या तासानं उठली, की चेहरा असा, जणू चार दिवस माहेरी राहून आलीय. चहा देताना माझ्याकडं बघायची, ते चहा सांडू नये म्हणून. माझ्याकडं असं टक लावून तिनं कधी पाहिलं होतं का, हे आठवायचा मी प्रयत्न केला, आणि मग स्वतःचाच राग आला, की आपण एका पातेल्याशी बरोबरी करतोय.

बसमध्येही विषय पोचला. मुलीनं नेटवर कुठंतरी आईनं काढलेलं चित्र टाकलं होतं.

"काय राव, वहिनी आर्टिस्ट झाल्या म्हणं!" पुढच्या सीटवरचा टूलरूमवाला म्हणाला.

"छंद आहे," मी म्हटलं.

"असला एखादा छंद तुम्हाला पायजे होता. वहिनींचं प्रदर्शन लागलं, की तुमी दाराशी उभं राहून चपला सांभाळा, भाऊ."

सगळी बस हसली. मी पण.

मला वाटलं, खरं दुखणं तो सर असेल. म्हणून एका रविवारी कंपनीत रजा टाकून, भाजीचं निमित्त करून मी कासारवाडीला गेलो. दार उघडंच होतं. आत पाच-सहा माणसं बसलेली आणि मध्ये सर. सत्तरीच्या पुढचे, कानात यंत्र, स्वेटरवर कोळशाची पूड सांडलेली. एका मुलीनं काही विचारलं, तर ते "काय? हिरवा?" म्हणून ओरडले. ती म्हणाली, "नाही सर, गिरवा म्हटलं होतं ना तुम्ही?" आणि सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत जोरात हसत होती. मी भाजी न घेताच परत आलो. म्हाताऱ्याचा हेवा करायची सोय राहिली नाही. आता उरली होती ती आणि तिच्या वस्तू.

मुलाखतीच्या आधी एक मोठं, पूर्ण केलेलं काम हवं होतं. तैलरंगात. त्याच्यासाठी तिनं जेवणाचं टेबल घेतलं, आणि आम्ही सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवायला लागलो. भिंतीवर माझं क्वालिटी सर्कलचं सर्टिफिकेट होतं, ते उतरवून तिथं मागं लावायला एक जुनी निळी चादर ठोकली. विचारलं होतं तिनं आधी. "चालेल ना?" मी म्हटलं, चालेल.

वस्तू पाच. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं टाकून दिलेली अ‍ॅल्युमिनियमची किटली, बुडाशी काळी कुळकुळीत, चहाचे ओघळ वाळलेले. किटलीचं टोपण, बाजूला ठेवलेलं. लसणाचा एक गड्डा. मेणकापडाचा तुकडा. आणि माझा जुना कंपनीचा डबा.

डबा बघून मला बरं वाटलं. म्हटलं, "माझा डबा घेतलास?"

"हो. त्याला पोचा आहे ना, तिथं उजेड फार छान मोडतो."

झालं.

सरांचा नियम होता, की मांडलेलं चित्र पूर्ण होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, आणि मोबाईलवर फोटो काढायचा नाही. फोटो काढला, की बघणं थांबतं म्हणे. तिला धास्ती, की कुणाचा धक्का लागेल. तेव्हा मीच तिला युक्ती सांगितली. आमच्या कंपनीत हत्यारांच्या बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. पान्हा उचलला, तरी पान्ह्याची जागा दिसत राहते. मी खडू आणला आणि प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारून दिली. तिच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पण मारली, कारण बघणारा हलला तरी चित्र हलतं. ती एवढी खूश झाली! सरांनी पण सांगितलं म्हणे, मिस्टर हुशार आहेत तुमचे. ती संध्याकाळ माझी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा किटलीची.

आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. गुरुवारी मी घर आवरतो. फाईव्ह एस म्हणतात कंपनीत. नको ते काढा, उरलेलं जागेवर लावा, पुसा, रोज तसंच ठेवा. घरात त्याची चेष्टा व्हायची. मुलगी म्हणायची, "आई, गुरुवारी हलू नको गं, बाबा लेबल लावतील." सांगायचा मुद्दा हा, की मी टेबल आवरलं, तर कुणालाही आश्चर्य वाटणार नव्हतं. हे मला आधीच माहीत होतं.

त्या गुरुवारी सरांनी तिला जास्तीच्या वेळेला बोलावलं होतं. सोमवारी मुलाखत. कॅनव्हासवर आराखडा झाला होता, रंगाचे पहिले हात झाले होते, चादर आणि टोपण जवळजवळ पूर्ण. ती सकाळी गेली. जाताना म्हणाली, "आल्यावर बसते, उजेड असेपर्यंत किटली होईल."

मी पंखे पुसले. ट्रॉल्या पुसल्या. मग टेबलापाशी आलो आणि उभा राहिलो. मला राग आलेला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. डोकं अगदी शांत होतं. मी लसूण उचलून टोपलीत टाकला. डबा माळ्यावर. मेणकापडाची घडी. किटली सिंकमध्ये घेतली आणि तारेच्या घासणीनं घासली, बुडापासून तोटीपर्यंत, चहाचा एक ओघळ राहू दिला नाही. वर्षानुवर्षांचा काळा थर पाण्याबरोबर गेला. नंतर ओलं फडकं घेतलं आणि टेबलावरच्या खडूच्या रेघा पुसल्या. आणि खाली बसून फरशीवरच्या पुसल्या.

फाईव्ह एस पाळणारा माणूस खुणा पुसत नाही. खुणा असतात म्हणून तर आवरता येतं. वस्तू हलवल्या ही सवय म्हणता येईल. खडू पुसला त्याला नाव नाही.

ती आली आणि चपलांसकट आत येऊन उभी राहिली.

"अहो, हे काय केलंत?"

"आवरलं. गुरुवार ना आज."

मुलीला फोन लागला. आधी ती किंचाळली, मग हसायलाच लागली. "बाबा! आईचं चित्र फाईव्ह एस केलं तुम्ही! अशक्य आहात!" तासाभरात घरच्या ग्रुपवर सगळ्या नातेवाइकांनी डोळ्यांत पाणी आलेले हसरे चेहरे टाकले. माझ्या मेव्हण्यानं लिहिलं, दाजींना कंपनीनं बक्षीस द्यावं. बायकोही शेवटी हसली. मला माफी मिळाली होती, पण मी जे केलं नव्हतं त्याची.

मग तिनं वस्तू पुन्हा मांडायला घेतल्या. कॅनव्हासवर बघून, खुर्ची पुढंमागं करत. डबा जुळला, की टोपणाची सावली भलतीकडं जायची. सावली जुळवली, की लसूण डब्यामागं लपायचा. आपण कुठं बसत होतो, तेच तिला नक्की होईना. शुक्रवार त्यात गेला. शनिवारी मी कामावरून आलो तर ती फरशीवर बसलेली, भोवती वस्तू.

"किटली घासली ते राहू द्या," ती म्हणाली, "तिचा रंग आहे माझ्या डोळ्यांत. जागा तेवढ्या सांगा. तुम्हीच रेघा मारल्या होत्या. तुमची नजर आहे. कुठं होतं हे सगळं?"

मला ठाऊक होतं. बोटभरही फरक न करता ठाऊक होतं. तोटी खिडकीच्या दुसऱ्या गजाच्या रेषेत. डब्याचा पोचा टेबलाच्या कडेपासून वीतभर आत. लसणाचा दांडा तिच्याकडं वळलेला. खुर्चीचा एक पाय फरशीच्या जोडावर. इतके दिवस मी पेपराआडून दुसरं काय बघत होतो?

"कसं लक्षात राहणार?" मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. चहा सांडू नये म्हणून बघायची तसं नाही. मला पाहिजे होतं तसं, टक लावून. मी न्हाणीघरात हातपाय धुवायला गेलो.

सोमवारी ती अर्धवट कॅनव्हास घेऊन गेली. संध्याकाळी मी तिला आणायला गाडी घेऊन निगडीच्या बसस्टॉपवर गेलो. गाडीवर मागं बसल्यावर ती म्हणाली, "अभ्यास चांगला आहे म्हणाले. पण पूर्ण केलेलं मोठं काम एकही नाही. पुढच्या वर्षी या म्हणाले."

"मग पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं. कॅनव्हास आमच्या दोघांच्या मध्ये होता आणि त्याचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता.

त्यानंतर बरेच महिने आम्ही टेबलावर जेवलो. सर्टिफिकेट तिनंच परत भिंतीवर लावलं. कागद नाहीत, कोळसा नाही, कुणाच्या मानेला तिरकेपणा नाही. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं आणि माझं ताट अर्धं राहत होतं. ती रविवारी उशिरापर्यंत झोपून राहायची. मुलीनं फोनवर विचारलं, की ती म्हणायची, "बघू गं, कंटाळा आलाय."

बोलायचं मी खूपदा ठरवलं. तोंड उघडायचो आणि "मीठ दे" म्हणायचो. शेवटी एका गुरुवारी ती दुकानात गेली असताना मी चादर लावली, माळ्यावरून डबा काढला, आणि सगळं मांडलं. तोटी, पोचा, लसणाचा दांडा. खुर्चीचा पाय फरशीच्या जोडावर. खडू लागलाच नाही.

ती पिशव्या घेऊन आली. पिशव्या खाली ठेवल्या. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. कपाटामागून तो अर्धवट कॅनव्हास काढून समोर धरला आणि एका डोळ्यानं जुळवून पाहिला. सगळं बसत होतं.

"म्हणजे तेव्हा आठवत होतं."

"हो."

"खुर्ची पण?"

"खुर्ची पण."

तिनं कॅनव्हास भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "खडू पुसलेला बघितला तेव्हाच कळलं होतं मला. इतकी वर्षं बघतेय तुम्हाला, खुणा पुसणारे तुम्ही नाही. म्हटलं, आला असेल राग, येतो माणसाला. ते मी सोडून दिलं होतं. पण मी विचारलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं हो. खाली बसून विचारलं होतं मी."

"हो."

"नुसतं हो काय? का केलंत?"

"हेवा वाटला."

"कुणाचा? सरांचा?"

"नाही. किटलीचा."

ती हसली. खरंच हसली, तोंडावर हात घेऊन. आणि मग हसता हसता तिचा चेहरा बदलला, आणि ती किटली उचलून आत घेऊन गेली. एकेक करून सगळ्या वस्तू तिनं नेल्या. "हे चित्र मला आता नको," एवढंच म्हणाली.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. हे लिहू का, एवढं विचारलं. "लिहा. नावं घालू नका," म्हणाली.

रविवारचा वर्ग पुन्हा सुरू झालाय. यंदाची मुलाखत तोंडावर आहे आणि मोठं काम चाललंय, पण घरी नाही. सरांच्या मागच्या खोलीत तिनं टेबल मांडलंय. सकाळचं काम उरकून ती बसनं कासारवाडीला जाते, दुपारी येते, तेव्हा नखांत निळं असतं. काय मांडलंय, हे मी एकदा विचारलं.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "आणि मुलाखतीला मी पोरीबरोबर जाईन. तुम्ही कंपनीत जा."

बरोबर आहे तिचं. हेवा गेलेला नाही, हेही सांगून टाकतो. त्या खोलीत तिच्यासमोर काय असेल, ती त्याच्याकडं कशी बघत असेल, याचा विचार बसमध्ये बसल्यावर हमखास येतो. गेल्या आठवड्यापासून आमचा पोळपाट घरात दिसत नाही. ती पालथ्या परातीवर पोळ्या लाटते, आणि त्या एका बाजूला जाड होतात. मी मोडून भाजीला लावतो आणि खातो. कुठं चुकलंय ते सांगत नाही.